जंगलाच्या पडद्यातले काळे ठिगळ

पौषातला एक सोमवार : माझी पत्नी सुमती साताऱ्यात, राहत्या घरी वारली. त्याच आठवड्यातला शुक्रवार : तिच्या माहेरच्या सांगलीहून नाटकांचे पडदे रंगवणारे बापू भेटीस आले. चैत्रातला एक रविवार : ठिगळे उसवली गेली. जबाबदार व्यक्ती तीन. पहिले, बापू. दुसऱ्या, पुण्याहून आलेल्या चित्रसंवर्धक बाई. तिसऱ्याचे नाव यथाक्रम येईल.

मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. पुराव्याविना लिहीत नाही. सुमती शाळेत शिवण शिकवी आणि प्रत्येक सुटीत सांगलीस जाई. तिथल्या एका हौशी नाटकमंडळीकडे बापूंच्या वडिलांनी रंगवलेला जंगलाचा पडदा आहे. गुंडाळून उलगडून तो विरे, सुमती तो सांधी, आणि सांध्यावर बापू रंग चढवीत. नखांत हिरवा रंग घेऊन ती परते. "आज हरणाचं पोट शिवलं." मी म्हणे, "माझ्या सदऱ्याला बटण नाही." "अहो, हरणाला सदरा नाही, म्हणून ते आधी!" मी तो पडदा कधीही पाहायला गेलो नाही. मला त्याचा मत्सर वाटे, बापूंचा अधिक.

एका वर्षी माझा कचेरीचा काळा कोट नाहीसा झाला. मी लाँड्रीवाल्यास रीतसर नोटीस धाडली. "नका हो पाठवू, बिचाऱ्याचा काय दोष?" सुमती म्हणाली, आणि का कोण जाणे, पदराआड हसली. तो गृहस्थ पुढे मला पाहून रस्ता ओलांडू लागला...

त्या शुक्रवारी बापू म्हणाले, "वैनींच्या नावानं पडदा नीट करून घिऊ या." मी म्हणालो, करीन, पण खर्च मी एकटा सोसेन. संवर्धकासाठी कामाच्या अटी मी लिहिल्या. चौथी अट : पडदा मूळ चित्रकाराने सोडला तसा दिसावा, नंतरची प्रत्येक डागडुजी काढून टाकावी. बापूंनी ती दोनदा वाचली.

"भाऊसाहेब, एवढी चवथी अट काढा. डागडुजीत निस्ता माजा हात न्हाई."

"तुमचा आहे ना? म्हणूनच ती घातली आहे."

त्यांनी चष्मा खिशात ठेवला. "लय हट्टी बगा तुमी. वैनी म्हणायच्या त्ये काय खोटं न्हाई."

माझ्याविषयी ती यांच्यापाशी काय म्हणे? हा प्रश्न मला तीन महिने जाळत होता.

काम झाल्यावर प्रथमच सांगलीत तो पडदा पाहिला. झाडे लखलखीत, हरीण कोरे करकरीत. सुमतीचा एक टाकाही नाही. मी संवर्धक बाईंस जाब विचारला. त्यांनी माझाच कागद पुढे केला. "चौथ्या अटीप्रमाणे सगळी ठिगळं काढली. गर्द झाडीमागे मोठं काळं कापड होतं, जुन्या कोटाचं. आतला खिसा तसाच होता, त्यावर लाँड्रीची खूणसुद्धा. बापू मागून घेऊन गेले."

मी तिथल्याच खुर्चीवर बसलो...

तिसरा जबाबदार मी. सुमतीच्या शिवणाच्या डब्यात एकाच दोऱ्यात ओवलेली पाच काळी बटणे आहेत. ती कशाची, हे मी कधी विचारले नव्हते.

लाँड्रीवाल्यांची मी येथे जाहीर क्षमा मागतो. आता बापूंनी वृत्तपत्राच्या याच पुरवणीत जाहीर उत्तर द्यावे : त्या कापडावर रंग चढवताना ते कोणाच्या कोटाचे, हे आपणांस ठाऊक होते काय? सुमती माझ्याविषयी काय म्हणे? ठिगळावर मी हक्क सांगत नाही. तो मीच लिहून गमावला. मी बटणे घेऊन येईन. मला त्या खिशात एकदा हात घालायचा आहे. दिवस कळवावा.