मामाचे धुतलेले हात

आईला नाही, मित्रांना नाही, मामाला तर मुळीच नाही — हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — एवढाच धीर आहे माझ्यात.

मी आदिलाबादला लॅब टेक्निशियनचं शिकतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिला. हे वाक्य मी फार मिरवलंय — आता त्याचीच किळस येते.

तामसी गावाकडे मामाची भाजीची वाडी. त्याला टीबी निघाला. औषधानं ताप उतरला, पण खोकल्यातलं रक्त थांबेना. टीबीसोबत फुप्फुसात बुरशीही असेल का? — डॉक्टरांना शंका आली. त्यांनी त्यासाठी बेडका तपासायला सांगितला. मीच मामाचे हात साबणानं धुवून घेतले, चूळ भरायला लावली. डबीचं झाकण मी लावलं, बसनं मी आणली.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये त्या बेडक्याच्या प्लेटवर हिरवट बुरशी उगवली. ती छातीतली, की बाहेरून पडलेली? शिकवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं — नमुना कुणाचा, नीट घेतला होता का?

माझ्या मामाचा. एवढंच म्हणायचं होतं. पण मी — मी म्हणालो, "गावातला पेशंट आहे, मॅडम. ही माणसं डबी गोठ्यात उघडीच ठेवतात."

"चारा भी साथ में भेज दिया क्या?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

प्लेट टाकून दिली. मॅडमनी दुसरा नमुना मागवायला सांगितला. मी मामाला निरोपच दिला नाही. पुन्हा तीच बुरशी उगवली असती, तर मी खोटा ठरलो असतो — नाही का?

टीबीच्या औषधांचा कोर्स पूर्ण झाला, तरी रक्त वाढतच गेलं. मग मोठ्या दवाखान्यात कळलं — टीबीनं पाडलेल्या पोकळीत बुरशीचा गोळा होता. फुप्फुसाचा तेवढा भाग कापावा लागला. आता मामाला पाण्याची बादली उचलवत नाही. वाडी दुसऱ्याला कसायला दिली आहे.

"पयल्या तपासणीत काऊन नाई दिसलं, बापू?" त्यानं मला विचारलं.

"नमुना खराब झाला होता, मामा."

तो आपले तळवे बघत राहिला. "माह्येच हात घान राह्यले असंन. आमी अडानी मानसं."

त्याचे हात मीच धुवून घेतले होते.

"हौ मामा," मी म्हणालो, "पुढं नीट धुवत जा."