पांझरेकाठची पलटण

"ताई, नाना ग्यात," एवढंच रवी फोनवर बोलला. शाळेची मधली सुट्टी चालू होती, मुलांच्या गलक्यात मला ते दोनदा विचारावं लागलं. फोन ठेवल्यावर मी बातमीपेक्षा ती सांगणाऱ्याचाच विचार करत राहिले. या रवीचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी माझ्या नानांनी हातोडीने मोडला होता. आणि रवीबरोबरच्या माणसांनी त्याच वेळी नानांच्या बरगड्या मोडल्या होत्या. त्यानंतर नानांचा श्वास कधी पूर्ण भरलाच नाही. डॉक्टर काही म्हणोत, मी तरी नानांचं जाणं त्या मारापासूनच धरते.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सोनगीरच्या फाट्यावरून आत, पांझरेच्या काठाला आमचं गाव. आमच्या वस्तीत पूर्वी माणूस गेलं की माती द्यायचे, आणि वस्तीतले पुष्कळ जण फौजेत गेलेले. त्यामुळे नदीच्या दरडीवर पलटणीतल्या माणसांचे दगड रांगेने उभे होते. नाव, नंबर, पलटण, खाली एखादं लढाईचं ठिकाण. नाना पेन्शनीवर आले आणि त्यांनी ते दगड हातात घेतले, ते शेवटपर्यंत. शेवाळ तारेच्या ब्रशने घासायचं, बुजलेली अक्षरं छिन्नीने उकरायची, पावसाळ्यानंतर कललेला दगड सब्बल लावून सरळ करायचा. हे ऐकायला शांत वाटतं. नाना शांत नव्हते. एकाने एका दगडाला म्हैस बांधली, तेव्हा नानांनी म्हैस सोडून दिली आणि तिच्या दाव्याने मालकाला पाठ फुटेस्तोवर झोडपलं. आम्ही पोरं कुडाआडून बघत होतो. काकूने मध्ये हात घातला तर तिच्याही मनगटावर वळ उठला. गावात त्यांना मान होता, पण त्या मानात निम्मी भीतीच होती.

हा राग कुठून येतो, ते मला एकदाच कळलं. मी धुळ्यात देवपूरला खोली घेऊन कॉलेज करत होते, नाना दवाखान्यासाठी आले होते. खोलीबाहेरच्या पायरीवर बसून शेंगा फोडता फोडता ते अचानक बोलायला लागले. सरहद्दीवर, लढाईत, त्यांचा किसन नावाचा जोडीदार तोफगोळ्याचा तुकडा लागून मेला. जमीन खडकाळ. कसाबसा वीतभर खड्डा करून, वर दगड रचून त्याला ठेवलं. सकाळी तिथेच गोळा पडला. "किसन परत वर आला गं," नाना म्हणाले. "अर्धा खंदकात, अर्धा आमच्या पोत्यांवर. आम्ही त्याला गोळा केला, पुन्हा पुरला. दुपारी परत गोळा... मग माझ्यात ताकदच राहिली नाही." संध्याकाळी हल्ला आला तेव्हा ज्या फावड्याने किसनला माती लोटली होती, त्याच फावड्याने त्यांनी एकाचं तोंड फोडलं. हातात तेवढंच होतं. "तो पोरगा आईलाच हाक मारत असेल. भाषा कळली नाही, पण आवाज तोच असतो." एवढं सांगून ते पुन्हा शेंगा फोडायला लागले. मी त्या दिवशी जेवू शकले नाही. ते जेवले.

मग नदीत वाळूवाले आले. आधी पात्रातली वाळू गेली, मग ट्रॅक्टर दरडीला भिडले. नानांनी तक्रारी केल्या, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. माणसं येऊन बघून गेली, ट्रॅक्टर तेवढ्यापुरते थांबले आणि पुन्हा सुरू झाले. टोकाचे दोन दगड एका पावसात दरडीसकट खाली गेले. रवी वाळूवाल्याकडे ट्रॅक्टर चालवायचा. आमच्याच वस्तीतला, बाप लवकर गेलेला, आई लताबाई कापूस वेचायला जाणारी. त्याचे आजोबा सखाराम फौजेतले, आणि रवीचा ट्रॅक्टर ज्या दरडीखाली उभा होता तिच्यावरच त्यांचा दगड.

त्या सकाळी नाना वर छिन्नी चालवत होते. खाली मजुरांनी फावडं मारलं, दरड ढासळली आणि मातीबरोबर एक लांब हाड रवीच्या ट्रॉलीत पडलं. वाळूवाल्याचा माणूस हसून काहीतरी बोलला, रवीने इंजिन चालूच ठेवलं. नाना हातोडीसह दरडीवरून घसरत खाली आले. "आज्याना हाडे इकी ऱ्हायना का रे तू?" एवढंच ओरडले आणि मारलं. रवीने डोकं वाचवायला हात वर केला, म्हणून घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वरच्या वाटेवरच्या बायांनी ऐकला. दुसरा घाव स्टिअरिंगवर बसला. तिसरा बसायच्या आत बाकीच्यांनी नानांना पाडलं. फावड्यांच्या दांड्यांनी मारलं, लाथांनी मारलं, ते पडल्यावरही मारलं. तोंडात वाळू भरेपर्यंत नाना शिव्या देत होते.

धुळ्याच्या दवाखान्यात दोघं एकाच वॉर्डात आले. समोरासमोर खाटा. मी नानांजवळ बसले होते तेव्हा लताबाई आत आली. ती ओरडली नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "मना पोरना हात मोडा तुम्ही."

"हात नही," नाना म्हणाले. त्यांना बोलताना धाप लागत होती. "मी डोकावर मारेल व्हता."

मी त्यांचं तोंड धरायला गेले, पण त्याआधीच लताबाईने त्यांच्या सुजलेल्या गालावर चपराक मारली. टाक्यातून रक्त आलं. नानांनी हात उचलला नाही, मान फिरवली नाही. ती दुसरी मारेल म्हणून वाट बघत असल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. तिने मारली नाही... उशीवरचं रक्त बघून ती मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

हाणामारीने गाजावाजा झाला आणि ट्रॅक्टर गेले. पण दरड आतून पोखरली होती, ती टिकणार नव्हती. नानांनी ठरवलं, पलटण हलवायची. गावठाणाच्या वरच्या बाजूला पंचायतीने जागा दिली. रवीचा हात वाकडा जुळला होता, बोटं मिटत नव्हती, काम सुटलं होतं. पहिल्या दिवशी तो आला आणि लांब उभा राहिला. "आईनी धाडं," म्हणाला. "आजा मना शे." सखारामांची हाडं त्या दोघांनी मिळून काढली. नाना खड्ड्यात, रवी वर, डाव्या हाताने फडकं धरून. मग तो रोज येऊ लागला. तो का येत राहिला, मी विचारलं नाही. एकदा माझ्यासमोर नाना त्याला म्हणाले, "मी चुकलो असं म्हणायचं नाही मला. पण तुझा हात रोज बघतो मी." रवी म्हणाला, "बघा." त्यावर दोघं पुन्हा कामाला लागले.

नाना गेल्यावर त्यांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न आला. रिकामी जागा सखारामांच्या शेजारीच होती. रवीने आईला विचारलं. ती म्हणाली, "ठेव. पण मधमा जागा सोड."

मागच्या आठवड्यात मी गेले, तेव्हा लताबाई त्या सोडलेल्या जागेतच बसली होती. नानांच्या दगडाकडे पाठ करून सासऱ्यांचा दगड पुसत होती. मी जय भीम केला, तिने मान हलवली. रवीने सकाळीच डाव्या हाताने नानांचं नाव लाल रंगाने रंगवलं होतं, अक्षरं जरा डुगडुगती आलेली, रंग अजून ओला. पुसून झालं तशी ती उठायला लागली. गुडघे धरले असतील, तिचा तोल गेला आणि आधाराला मागे टेकलेला तळवा नानांच्या नावावर पडला. सगळा लाल झाला.

"आई, पुसाले फडकं देऊ का?" बाजूला उभ्या रवीने विचारलं.

तिने तळवा उलटा करून पाहिला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि तशीच घराकडे चालायला लागली.