गळतीच्या रकान्यात धाकटी जाऊ

मी नांदेडला राहून एका विद्यापीठासाठी वेबवर चालणारे प्रोग्रॅम लिहिते. कोणतं विद्यापीठ ते सांगत नाही, करारावरची नोकरी आहे. गावोगावच्या कॉलेजांतले क्लार्क आपापल्या लॉगिननं विद्यार्थ्यांची माहिती भरतात, ती आमच्या सर्व्हरवर येते, आणि कुठं किती पोरं टिकली, किती सोडून गेली, याचे तक्ते मी काढून देते. मधेच शिकणं सोडणाऱ्यांना आमच्या ऑफिसात 'गळती' म्हणतात. जित्याजागत्या पोरीला गळती म्हणायचं, जशी काही नळाची तोटी बिघडलीय! मला त्या शब्दाचा पहिल्यापासून राग आहे, पण रकान्याला नाव तेच द्यावं लागलं.

माझं सासर शिरूर अनंतपाळच्या बाजूला. धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी जवळच्याच गावातली मिळाली, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली. बैठकीत तिच्या वडिलांनी मानपानाचं काही काढलं नाही, एवढंच म्हणाले की पोरीला बी.ए. पुरं करू द्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी होकार दिला, पण चारचौघांत अट घालूनच. कॉलेज जवळ आहे तर जाऊ दे, सकाळच्या जीपनं जायचं आणि दुपारी घरात यायचं. लातूरला मात्र पाठवायची न्हाई.

लग्नात दिरानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. नाव आमच्या घरच्या बायकांनी निवडलेलं. ती वाकून वाचायला लागली आणि वाचून हसली, तेव्हाच मला आवडली. जूनमध्ये तिनं त्याच कॉलेजात, त्याच बाकावर, दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, नव्या नावानं. आमच्याकडे सोयरीक दोन-चार कोसांतच होते, त्यामुळे उन्हाळ्यात लग्न होऊन गेलेल्या कितीतरी पोरी पावसाळ्यात नवं नाव, नवं आडनाव घेऊन त्याच वर्गात येऊन बसतात. नावबदलाचं राजपत्र काढत कोण बसतंय? क्लार्क त्यांना सरळ 'बाहेरून आलेली' म्हणून नव्यानं भरतो. वर्गात पोरगी एकच, आणि मशीनमध्ये एक सोडून गेली, दुसरी कुठूनतरी आली.

हे होणार हे मी आधीच सांगितलं होतं. पोरगं तेच की दुसरं, हे कसं ओळखायचं याचा नियम विद्यापीठाच्या समितीनं ठरवला होता: स्वतःचं नाव, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही जुळली पाहिजेत. मी बैठकीत उठून म्हणाले की लग्नानंतर बाईची ही तिन्ही बदलतात, माझ्याच पदवीवर एक नाव आहे आणि रेशनकार्डावर दुसरं. एक प्राध्यापक म्हणाले, मग तुम्ही नेमक्या कोण, मॅडम? सगळे हसले. मीही हसले, काय करणार, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. आमचे कक्षप्रमुख, ज्यांना मी सर म्हणते, माणूस भला, पण मंजूर झालेल्या कागदाला फार भिणारा. ते म्हणाले, ठरलंय तसं करून टाका, पुढचं पुढं बघू.

पहिला अहवाल निघाला आणि तक्त्यात जावेच्या कॉलेजची गळतीची पट्टी लालभडक. समितीनं वाचलं ते असं, की तिथं पहिल्या वर्षाच्या निम्म्याहून जास्त मुली शिकणं सोडून जातात, मग तिसरं वर्ष चालवायचं कशाला? पुढच्या वर्षीपासून ते बंद, उरतील त्यांची सोय लातूरच्या कॉलेजात. मी सोडून गेलेल्यांची नावं उघडली. तिचं माहेरचं नाव त्यात होतं. त्याच सकाळी तिनं फोन करून विचारलं होतं की अक्का, तिसऱ्या वर्षाला इतिहास घेऊ का समाजशास्त्र? इतिहास घे, असं मी ऐटीत सांगितलंही होतं. लातूर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. लातूर म्हणजे आत्याबाईंचं 'न्हाई'.

मग मी हट्टालाच पेटले. नुसत्या जन्मतारखेवरून ओळखू म्हटलं, तर हेडमास्तरांच्या कृपेनं आमच्या अर्ध्या मराठवाड्याचा जन्म एक जूनचा. डोकं धरून बसले तेव्हा लक्षात आलं की क्लार्क आणखी एक रकाना भरतात, ज्याला कुणी हात लावला नव्हता. आईचं नाव. लग्न झालं की पोरीचं नाव जातं, बापाचं जातं, आडनाव जातं, पण आई तीच राहते. आईचं नाव आणि जन्मतारीख एकत्र लावून प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि लाल पट्टी झरझर खाली आली. पोरी सगळ्या वर्गातच होत्या. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

लॅपटॉप तसाच उचलून सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण ठराव झालाय. पुढच्या वर्षीच्या अहवालात घेऊ."

"सर, पुढच्या वर्षी तिथं वर्गच नसेल."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला. कॉलेजनं हरकत घेतली तर काही होईल असं वाटून मी प्राचार्यांना फोन केला. फार गोड बोलले. त्यांच्या संस्थेला त्या खोल्यांत फार्मसीचं कॉलेज काढायचं होतं, त्यामुळे हरकत कसली? शेवटी म्हणाले, आकडे तर तुमच्याच मशीनचे आहेत ना, मॅडम. ते वाक्य अजून डोक्यात घण घालतं.

रविवारी एस्टी धरून गाव गाठलं. आत्याबाईंना सांगितलं की चूक मशीनची आहे, पोरीची नाही. वाटलं तर तिला वर्षभर माझ्याकडे नांदेडला ठेवते, खर्चाचं मी बघते. आत्याबाई दुष्ट नाहीत हो. मी गेले की आधी मला वाढतात, मग स्वतः जेवतात. गुडघे चोळत त्या म्हणाल्या, "एक सून नांदेडात हाय. दुसरी बी तिकडंच धाडू? मग हितं कोण?" मी काही नोकरी सोडून गावी येणार नव्हते. माझा नवरा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला, दीर विहिरीवरची मोटार बघून येतो म्हणून उठला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कुणी विचारीना, म्हणून मीच विचारलं की बाई, तुझं काय?

"मला शिकायचं हाय, अक्का. पण माझ्यापायी घरात भांडण नगं."

पुढच्या वर्षी माझी पद्धत मंजूर झाली. बैठकीत सरांनी माझं कौतुक केलं, त्या हसणाऱ्या प्राध्यापकांनी टाळ्याही वाजवल्या. मी तिची ओळ उघडली. जुनं नाव नव्या नावाला नीट जोडलं गेलं होतं. पहिलं वर्ष पास, दुसरं वर्ष पास, तिसरं कोरं. गळती. कारणापुढे क्लार्कनं यादीतून 'विवाह' निवडलं होतं, आणि तो तरी दुसरं काय निवडणार, यादीत होतंच काय? मी त्या यादीत एक कारण वाढवलं: 'वर्ग बंद केला'. सरांच्या ते नजरेला आलं आणि त्यांनी शांतपणे काढायला सांगितलं. मी काढलं.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या सणाला, सगळे शेतात जमलो होतो. ती शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढत माझ्यापाशी आली आणि हळूच खाली बसली.

"अक्का, तुमच्या मशीनमंदी माझं आता बरोबर दिसायलंय का?"

"हाव."

"काय दिसतंय?"

"दोन्ही नावं एकाच पोरीची आहेत, असं दिसतंय."

"आन् पुढं?"

पुढं काही नाही, मी म्हणाले. तिनं मान हलवली, माझ्या पेल्यात आंबील ओतली आणि बाकीच्यांना वाढायला उठली.