खाडीतल्या डेब्रिजवरचं पातेलं

आमच्या घराण्याचं नाव मुंबईत कुठे कोरलेलं असेल तर ते पातेल्यांवर. लग्नाचं आमंत्रण आलं की वडील स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात जायचे, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं निवडायचे आणि दुकानदाराकडून त्यावर नाव घालून घ्यायचे. त्या छोट्या मशीनचा टर्रर्र आवाज दातांत शिरायचा. वर ‘सप्रेम भेट’, खाली आमचं आडनाव आणि पुढे ‘परिवार, अंधेरी’. आडनाव असं की अख्ख्या अंधेरीत आम्ही एकटेच. वडिलांना त्याचा अभिमान होता. वडील गेल्यावर ही गादी माझ्याकडे आली. आता लग्नात लोक लिफाफे देतात, मी पातेलं काखेत मारून स्टेजवर चढतो. फोटोग्राफर ते जरा बाजूला ठेवायला सांगतो. मी ठेवत नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे आमचं बाथरूम.

यंदा ते गळायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज जिन्यात गाठून छतावरच्या डागाचं वर्णन ऐकवायच्या, शेवटी बाथरूम फोडायला काढलं. बाथरूम केवढंसं, पण त्यातून निघालेल्या विटा, लाद्या आणि रेतीच्या गोण्या जिन्याखाली रचल्यावर बिल्डिंगमध्ये यायला वाट उरेना. बायको म्हणाली, ‘‘पालिकेला कळवा. फी भरली की त्यांची गाडी येऊन डेब्रिज घेऊन जाते.’’

‘‘अगं, गवंड्यांच्या मुकादमाशी बोललोय मी. त्याच्या ओळखीचा टेम्पोवाला आहे.’’

‘‘आणि टेम्पोवाला कुठे टाकणार?’’

‘‘असेल कुठेतरी खड्डा.’’

‘‘तो खड्डा म्हणजे खाडी, अहो. पेपरात रोज येतंय. दंड होतो, केस होते.’’

‘‘केस टेम्पोवाल्यावर,’’ मी म्हणालो. एवढंच म्हणून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी हा कायदा सोसायटीच्या मीटिंगमध्येही समजावून सांगितला, अगदी हातवारे करून. मी सरकारी कचेरीत आहे, त्यामुळे लोक माझं ऐकून घेतात. एक दिवस संध्याकाळी घरी आलो तर जिन्याखालच्या गोण्या गायब. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, ‘‘झालं ना साहेब, गेला सगळा माल.’’ मी बायकोकडे जरा रुंद छातीनं बघितलं. ती काही बोलली नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

मग एका रविवारी सकाळी, हातात चहाचा कप असताना, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला. वर्सोव्याच्या बाजूला खाडीकाठी तिवरांच्या झाडांत रात्रीतून डेब्रिजचा ढीग पडलेला. मजकूर असा की पालिका जबाबदार लोकांचा शोध घेत आहे, गुन्हा दाखल होणार. आणि ढिगाच्या माथ्यावर, उन्हात चकाकत, एक पातेलं. फोटो मोठा केला. सप्रेम भेट. खाली आम्ही. परिवारासकट.

गवंड्यांना सिमेंट कालवायला, नाव घालूनही द्यायचं राहून गेलेलं घरातलं एक जुनं पातेलं मीच काढून दिलं होतं. कारण ते फुकट होतं आणि मी हिशेबी माणूस आहे.

मुकादमाला फोन लावला. तो गावाला गेलेला, फोन लागेना. बायकोला विचारायचं म्हणजे ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य ऐकायचं, आणि ते नुसतं त्या दिवशी नाही, पुढची सगळी वर्षं. पण खरी भीती वेगळी होती. सरकारी नोकरी, निवृत्ती जवळ आलेली, आणि नावावर पोलीस केस? साहेबांसमोर उभा राहून मी काय सांगणार? बाथरूम गळत होतं म्हणून?

‘‘मासे आणतो वर्सोव्याहून,’’ मी कापडी पिशवी घेत म्हणालो.

‘‘तुम्ही?’’ बायको म्हणाली. बाजारातून मी आणलेले मासे ती अजून विसरलेली नाही.

रिक्षात बसून मी बेत केला. बेत म्हणजे काय, पातेलं उचलायचं, पिशवीत घालायचं, निघायचं. पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा असतो हे मला ढीग समोर आल्यावर आठवलं. वाटेला लागूनच एक कोळीण सुकत घातलेली मासळी उलटत होती. तिनं मला वरून खाली बघितलं.

‘‘काय शोधतोस रं भाऊ?’’

‘‘काही नाही. मॉर्निंग वॉक.’’

‘‘डेब्रिजवरनं?’’

मी हसलो. ती नाही हसली. ‘‘बघ ना, खाडी बुजवत आणलीय मेल्यांनी. होडीला वाट राहिली नाय. ज्यानं टाकलं ना, त्याला इथं आणून हातानं उचलाय लावला पायजे.’’

‘‘अगदी!’’ मी म्हणालो, जरा जास्तच जोरात, आणि पातेल्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

‘‘काका, हात नका लावू.’’ तिवरांच्या सावलीतून पालिकेचा एक तरुण निरीक्षक बाहेर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. ‘‘पंचनामा व्हायचाय. लांबून बघा.’’

मी लांबून बघितलं. मग न राहवून विचारलं, ‘‘अशा केसमध्ये होतं काय हो? म्हणजे एखाद्याचं?’’

‘‘दंड तर होतोच. टेम्पो सापडला की जप्त. आणि इथे तिवरं आहेत, म्हणजे पर्यावरणाचा कायदा लागतो. त्यात तुरुंगसुद्धा आहे.’’

‘‘टेम्पोवाल्याला.’’

‘‘टेम्पोवाल्याला पण. माल ज्याच्या घरातून निघाला, जबाबदारी त्याची. मी नाही टाकलं, टेम्पोवाल्यानं टाकलं, असं नाही चालत काका. सगळे तेच सांगतात.’’ त्यानं पातेल्याकडे बोट केलं. ‘‘ह्या वेळी बरं झालं. माणूस स्वतःचं नाव घालून गेलाय.’’

मीटिंगमधले माझे हातवारे मला आठवले. मला पळता येत नाही, खोटं बोलणं तर त्याहून जमत नाही. मी म्हणालो, ‘‘ते माझं नाव आहे.’’

कोळणीच्या हातातली मासळी हातातच राहिली. निरीक्षकानं मोबाइल खाली घेतला. ‘‘मग तुम्हाला ऑफिसला यावं लागेल काका.’’

‘‘घरी एक फोन करू?’’

बायकोनं लगेच उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं: फोटो, पातेलं, तिवरं, तुरुंग. मग ती म्हणाली, ‘‘म्हणजे मासे नाहीत.’’

‘‘अगं!’’

‘‘आपलं पातेलं इथं गॅलरीत आहे. सिमेंट बसलं त्याच्या बुडाला, म्हणून मी त्यात कोरफड लावली. रोज त्याच्या शेजारी उभं राहून दात घासता तुम्ही.’’

‘‘आणि डेब्रिज?’’

‘‘पालिकेच्या गाडीतून गेलं. मीच कळवलं होतं, तुम्ही ऑफिसला गेल्यावर. फोटो काढून ठेवलेत, पाठवते.’’

‘‘मग मला का नाही सांगितलं?’’

‘‘चारचौघांत मिरवत होतात ना, मुकादमाशी बोललोय म्हणून. म्हटलं, मिरवू दे.’’

फोटो आले. आमच्या दारातली पालिकेची गाडी, तीत चढणाऱ्या आमच्या गोण्या, बाजूला खालच्या मजल्यावरच्या काकू कमरेवर हात ठेवून. आणि शेवटी कोरफड, सप्रेम भेटीसकट. मी तिथेच, लोकांच्या बाथरूमच्या ढिगाऱ्यावर, मटकन बसलो. इतकं हलकं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. समोर भरती येत होती, मासळीचा वास सुटला होता, आणि तो वाससुद्धा मला गोड लागला.

निरीक्षकानं सगळे फोटो नीट बघितले, गाडीचा नंबरही ताडून पाहिला. ‘‘तुमचं क्लिअर आहे काका. पण मग हे पातेलं दिलं कोणाला होतं?’’

‘‘ज्याचं ज्याचं लग्न झालं त्याला,’’ मी खरं तेच सांगितलं.

कोळीण इतकी हसली की मासळी पुन्हा पसरावी लागली. मग तिनं मला पापलेटं निवडून दिली. म्हणाली, ‘‘बायकोला दे. तिला सांग, कोळणीनं स्वतः निवडलीत.’’

मी घरी पोचेपर्यंत तो फोटो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊन पडला होता आणि तिथे एकच पळापळ चालली होती. जो तो आपलं पातेलं शोधून त्याचा फोटो टाकत होता. बोरिवलीच्या आत्याचं दुधाचं, मुलुंडच्या भाचीचं तांदळाचं, घाटकोपरचं एक तर झाकणासकट. ‘आमचं घरीच आहे हं!’ वडिलांनी दिलेलं सगळं असं एका जागी मी पहिल्यांदाच बघत होतो. जरा भरूनही आलं. फक्त पार्ल्याचा माझा मामेभाऊ गप्प होता. त्याच्याकडे गेला महिनाभर स्वयंपाकघराचं काम चाललेलं.

दुपारी त्याचा फोन आला. ‘‘दादा, तू खाडीवर गेला होतास म्हणे? काय म्हणत होता रे तो पालिकेचा माणूस?’’

मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोनं फोन घेतला. ‘‘भावजी, उद्या सकाळी स्वतःहून वॉर्ड ऑफिसला जा. टेम्पोवाल्याचं नाव सांगा, दंड होईल तो भरा, आणि माल उचलून द्यायची तयारी दाखवा. हे येतील तुमच्याबरोबर. ह्यांना आता तिथे ओळखतात.’’

गेलो. दंड झाला, बोलणी बसली, ढीग त्याच्या खर्चानं उचलला गेला. तिवरांबद्दलचं पुढे काय ते पालिकेचे साहेब ठरवणार होते. पण बाहेर पडताना मामेभाऊ म्हणाला, ‘‘लपत फिरण्यापेक्षा हे बरं रे.’’ आणि चहा त्यानं पाजला, ही आमच्या नात्यात नवीन गोष्ट.

परवा भाचीच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही दोघं त्याच भांड्यांच्या दुकानात गेलो. पातेलं निवडलं. दुकानदारानं मशीन हातात घेऊन विचारलं, ‘‘नाव घालू ना?’’

मी घुटमळलो. लिफाफ्यावरचं नाव निदान कोणी खाडीत टाकत नाही.

‘‘घाला,’’ बायको म्हणाली. ‘‘नीट ठळक घाला. आमचं डेब्रिज सरळ रस्त्यानं गेलंय.’’