गॅलरीत वाळत ठेवलेली मूठ

परवा शनिवारी आमच्या दिघीच्या घरात एक चोर पकडला... आणि तो घरातलाच निघाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चाकणच्या कंपनीतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी तलवारींच्या मुठी बनवते. खऱ्या नाही हो, कॉस्प्लेवाली मंडळी राजपुत्र, राक्षस वगैरे बनून मिरवतात ना, त्यांच्या बिनधारेच्या तलवारींच्या. लाकडी दांड्यावर ओली पुट्टी थापायची, गिऱ्हाइकाने ती घट्ट धरायची, की त्याच्या बोटांचे ठसे उमटतात. वाळली की कानस, पॉलिश पेपर आणि वरून चामड्याची पट्टी. ती मूठ मग त्याच्याच हातात बसते.

शनिवारी सांगवीचा एक मुलगा येऊन मूठ दाबून गेला. रविवारी त्याचा कार्यक्रम होता. मूठ गॅलरीत वाळत ठेवून मी भाजी आणायला गेले. येऊन बघते तर काय... पुट्टी दगडासारखी घट्ट, आणि त्या मुलाचे ठसे गायब. ते पुसून दुसऱ्याच कुणीतरी मूठ दाबलेली.

माझं डोकंच फिरलं. पप्पा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "मांजर आलं असंल."

आईने मूठ हातात घेऊन फिरवून पाहिली. एका कडेला एक बोट, दुसऱ्या कडेला करंगळी, मधली जागा सपाट. ती शांतपणे म्हणाली, "अहो, चोरी करायची तर मूठ तरी दुसऱ्याची वापरायची."

मी शाळेत असताना पप्पांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये गेली. तेव्हापासून तो हात खिशात असतो, नाहीतर पेपरखाली. आमच्या घरात त्या हाताबद्दल कुणी बोलत नाही. चेष्टा तर लांबच राहिली.

पप्पांनी मुठीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं... आणि हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. "व्हय, मीच," म्हणाले. "त्या पोराची मूठ झ्याक उमटली व्हती. म्हनलं, आपली कशी येती बघावं." आई डोळे पुसत हसत होती. मला रागवायचं होतं, पण जमलं नाही.

सांगवीच्या मुलाला फोन करून खरं काय ते सांगितलं. बिचारा संध्याकाळी परत आला आणि नव्या दांड्यावर मूठ दाबून गेला. ती वाळेपर्यंत पप्पा गॅलरीत खुर्ची टाकून राखण करत बसले. तलवार वेळेत गेली.

ती बिघडलेली मूठ मात्र मी टाकली नाही. रात्री बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत बसले होते. मी त्यांची मुलगी... पण त्यांचा हात इतका नीट मी पहिल्यांदाच पाहत होते.

रविवारी सकाळी चहा घेताना पप्पांनी हळूच विचारलं, "अशी मूठ स्क्रू ड्रायव्हरला बसती का गं?"

मला एकदम लक्षात आलं. इतकी वर्षं घरातला साधा स्क्रू सैल झाला तरी आम्ही माणूस बोलवायचो, आणि पप्पा खाली टॉर्च धरून उभे राहायचे. मला वाटायचं, त्यांना कंटाळा आहे. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात फिरून जायचा, हे मला कधी कळलंच नाही. मुठी बनवणारी मी, आणि घरातच विचारलं नव्हतं... फार वाईट वाटलं.

लगेच पुट्टी मळली. दुपारपर्यंत स्क्रू ड्रायव्हर तयार. पप्पांनी आधी स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड घट्ट केला, मग कुकरचं हँडल, मग दारांच्या कड्या. मग जे सैल नव्हतं तेही घट्ट करून झालं. आई म्हणाली, "आता मला तेवढं सोडा."

संध्याकाळी ते गॅलरीत कुणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यांच्या कंपनीतल्या प्रेस शॉपमधले एक जुने मित्र, त्या मित्राचा अंगठा गेलाय. पप्पा मोठ्याने सांगत होते, "आरं, अंगठा नसला तरी बसती म्हनती पोरगी. तू ये तर खरं."

मी असं काहीच म्हटलं नव्हतं. अंगठ्याशिवाय मूठ कशी बसवायची, मला अजून माहीतही नाही... पण पप्पांनी शब्द दिलाय, आता ती बसवायचीच.