पाच वर्षांची गॅरंटी

माझ्या सासूबाई बसमध्ये कंडक्टर होत्या. गच्च भरलेल्या गाडीत "पुढे सरका, पुढे रिकामं आहे" असं त्या ओरडल्या की आडदांड माणसंही मुकाट्याने सरकत. त्याच बाईला फुफ्फुसांच्या दुखण्याने न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागायला लागली, आणि घरात विजेवर चालणारी ऑक्सिजनची मशीन आली. नाकात नळी घालून त्या खिडकीपाशी बसत आणि तिथूनच घर चालवत. आवाज अर्धा झाला होता, हुकूम पूर्वीइतकेच होते.

वीज आमच्याकडे मनाला येईल तेव्हा जाते. एका दुपारी गेली ती आलीच नाही. जवळ छोटा सिलिंडर होता, तो मी लावला, पण काटा भराभर उतरत होता. वीज आली तेव्हा सासूबाईंचे ओठ निळे पडले होते. बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य आलं, "उद्या इन्व्हर्टर आणायचा. मी येणार."

"आई, तू कशाला? मी आणतो ना," माझा नवरा म्हणाला.

"श्वास माझा आहे. पसंतीही माझीच."

दुकानात भरलेला सिलिंडर शेजारी ठेवून त्या स्टुलावर बसल्या.

"काकू, पंखे किती, दिवे किती?" दुकानदाराने विचारलं.

"पंखे राहू दे. ही मशीन चालली पाहिजे." त्यांनी माझ्या फोनवरचा मशीनच्या मागच्या पट्टीचा फोटो पुढे केला.

त्याने आकडेमोड केली आणि दोन उंच ट्यूब्युलर बॅटऱ्या लागतील म्हणाला. "यात दोन वर्षांच्या गॅरंटीची आहे, पाच वर्षांचीही आहे. पाचवाली महाग पडेल."

माझा नवरा काउंटरवर वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "दोनवाली द्या. तेवढी पुरेल."

तो कंजूष नाही. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, फार तर दोन वर्षं. त्या दिवशी तो जिन्यात बसून रडला होता, ते मला ठाऊक होतं. तरी मला त्याचा असा राग आला की वाटलं, ती बॅटरीच त्याच्या पायावर टाकावी. माणूस समोर बसलंय, आणि हा त्याचा हिशेब मिटवून मोकळा!

सासूबाईंची फुफ्फुसं गेली होती, कान शाबूत होते.

"दोन वर्षं कोणाला पुरतील रे? बॅटरीला की मला?"

दुकानदार छताकडे बघू लागला.

"डॉक्टरांकडून बाहेर आलास आणि मला 'थकलीस का' विचारलंस. जन्मात कधी विचारलं नव्हतंस. तेव्हाच ओळखलं मी." त्या दम घ्यायला थांबल्या. "त्यांनी सांगितला तो त्यांचा स्टॉप. मी तिथे उतरणार नाही. भाऊ, पाचवाल्या काढा."

बसवायला आलेल्या वायरमनशीही त्यांचं वाजलं. त्यांना बॅटऱ्या पलंगाशेजारी हव्या होत्या, डोळ्यांसमोर. तो ऐकेना. चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो, त्यात इथे ऑक्सिजन, ठिणगी पडली तर काय घ्या? बॅटऱ्या मागच्या गॅलरीत गेल्या. "पाणी घालायला जाताना नळी इथे काढून ठेवायची," त्याने बजावलं.

"टीव्ही आणि फ्रिजही याच लाइनवर घे," नवरा म्हणाला.

"गाडी फुल्ल आहे," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "हिच्या ओट्यावरचा दिवा तेवढा घ्या. बाकी सगळे मागच्या गाडीने या."

बॅटरीत पाणी घालायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. नळी काढायची, भिंत धरत गॅलरीत जायचं, डिस्टिल्ड वॉटर ओतायचं आणि धापा टाकत परत यायचं. मी पुढे झाले की म्हणायच्या, "हात लावायचं काम नाही. माझी बॅटरी आहे." दोन वर्षं उलटली तेव्हा त्यांनी हट्टाने आम्हाला डॉक्टरांकडे न्यायला लावलं. तपासायला नाही, नुसतं तोंड दाखवायला.

शेवटी बॅटऱ्याच आधी थकल्या. गॅरंटी संपली आणि वीज गेल्यावर अर्ध्या तासात मशीन कुरकुरायला लागली. आम्ही तिघं पुन्हा त्याच दुकानात गेलो.

"काकू! बॅटरीला हरवलंत की," दुकानदार म्हणाला.

त्या हसल्या, पण थोडंसंच. गेल्या महिन्यात गॅलरीपर्यंत न पोचता त्या अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्या मी पाहिल्या होत्या. नंतर गुपचूप पाणी मीच घातलं होतं, आणि त्यांना ते कळलेलं मला कळलं होतं.

"या वेळी दोनवाल्या घे," सासूबाई आपल्या मुलाला म्हणाल्या. "पुरतील."

पाच वर्षांत असं बोलणं त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

नवऱ्याने काउंटरवर हात आपटला. "पाचवाल्या द्या. दोन्ही."

"अरे, पण..."

"आई, मी तुला विचारत नाहीये."

त्यांनी नाकातली नळी नीट केली.

"मग पाणी तू घालायचंस. पाचही वर्षं."

"पाचही वर्षं," तो म्हणाला, आणि बॅटरी उचलायला वाकला.