नावेच्या पोटाखालचे शिसे

भाच्याने पाठवलेला फोटो बहिणीने आधी भाऊजींना दाखवला आणि तिथेच घोळ झाला. भाऊजींनी उमेदीची सगळी वर्षे कापसाचा ट्रक चालवला. बुलढाण्याच्या घाटात एका वळणावर त्यांची गाडी कलली, ती सरळ झालीच नाही. डाव्या पायाने ते आजही थोडे लंगडतात. फोटोतली शिडाची नाव इतकी आडवी होती की तिचा एक काठ पाण्याला टेकला होता. वरच्या काठावर चौघे जण पाय बाहेर सोडून बसले होते. त्यांत भाचा होता आणि तो हसत होता.

"पलटून राह्यली हे," भाऊजी म्हणाले. "एवढा उंच खांब, त्याले एवढं कापड, अन् खाली पोकळ. वरती लोड झालं की गाडी राहत नाही."

बहिणीने फोन करून मला बुलढाण्याहून मोताळ्याला बोलावून घेतले. मी चप्पल काढेपर्यंतही ती थांबली नाही.

"मालकाले फोन कर. म्हणा, पोराले गोव्यालेच उतरवून द्या. मले नाही पाह्यजे ते नोकरी."

भाचा मुंबईत एका खासगी नावेवर काम करतो. मालक तिच्यावरून शर्यतीत उतरतो, एरवी कुटुंबाला घेऊन फिरतो. नाव फ्रान्समध्ये बांधलेली, या दोन्ही कामांसाठीच आखलेली. आदल्या दिवशी ती गोव्याच्या शर्यतीसाठी मुंबईहून निघाली होती. किनारा मागे पडला तसा फोन लागेनासा झाला. त्याआधी आलेला शेवटचा निरोप म्हणजे हा फोटो.

ती नाव मी एकदा पाहिली होती. पावसाळ्यात तिला पाण्याबाहेर काढून लोखंडी टेकूंवर उभे केले होते. अंग फायबरचे. आपल्याकडे कूलरचे असते त्याच जातीचे, पण दोन थरांच्या मध्ये फोमचा गाभा दाबून बसवलेला, म्हणून हलके आणि तरीही कडक. पुढचे टोक चाकूसारखे, मागचा भाग रुंद. आत उभे राहता येईल एवढी उंची, दोन्ही अंगांना बाक, रात्री तेच बिछाने. पण नजर खिळत होती ती पोटाखाली. तिथून माणसाच्या उंचीचे एक उभे पाते खाली आले होते. ते जाड बोल्टांनी आवळलेले होते आणि त्याच्या तळाशी शिशाचा लांबट गोळा होता. नावेच्या वजनाचा मोठा हिस्सा त्या गोळ्यात.

तेव्हा काढलेला फोटो मोबाइलमध्ये होता. तो मी भाऊजींसमोर धरला.

"हे काय लटकवलं खाली?"

"शिसं. नाव पाण्यात असली की दिसत नाही. वाऱ्याने शीड एकीकडे कललं की हे दुसरीकडे वर उचललं जातं आणि स्वतःच्या वजनाने परत खाली येतं. नाव सरळ होते."

भाऊजींनी चष्मा पुसला आणि बोटांनी फोटो मोठा केला. "म्हणजे लोड सारं खाली हाय. मंग हे पोट्टे काऊन बसले वरच्या अंगाले?"

"नाव कमी कलली तर जास्त पळते. म्हणून आपलं वजन तिकडे टाकतात."

"घ्या! इंजिनेर केलं पोराले, अन् ते गोणीचं काम करून राह्यलं."

"तुमचं हसणं होऊ द्या आधी," बहीण म्हणाली. "शिसं गेलं चुलीत. पोराचा फोन कुठी हाय?"

मी भाच्याचा नंबर लावला, बंद. मालकाचा नंबर दोनदा लावला, तोही बंद. त्या रात्री मी तिथेच राहिलो. बहिणीने भाकरी केल्या, स्वतः खाल्ली नाही. मोबाइल तिने चार्जरवरून काढलाच नाही.

सकाळी ती अंगणात सडा टाकत असताना तो आत वाजला आणि मी तो बाहेर आणून दिला. व्हिडिओ होता. नावेच्या आतल्या भिंती तिरप्या, बाक तिरपा, दार तिरपे. फक्त गॅसची शेगडी सरळ होती. ती दोन खिळ्यांवर झोक्यासारखी टांगलेली असते, नाव कशीही कलली तरी ती समतल राहते. तिच्यावर चहा उकळत होता आणि भांड्याबाहेर एक थेंब नव्हता. मागून भाच्याचा आवाज आला, "आई, चहा पाय." खाली त्याने लिहिले होते, "रातच्याला केल्ता. आता पोचलो आमी गोव्याले."

बहीण खाली, ओल्या अंगणातच बसली. व्हिडिओ तिने पुन्हा लावला.

"कोराच हाय," ती म्हणाली. "दुधाची सोय नाही वाटते तिथी."

मालकाला फोन करू का, असे मी विचारले.

"कायले? भलत्या येळी लोकायले तरास." ती उठली. काल रात्रीची भाकरी तिने चहात कुस्करून उभ्या उभ्या खाल्ली.

भाऊजींनी नावेचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला. शिडाचा नको, पोटाखालचा पाठव, असे बजावून सांगितले. दुपारी मी बस धरायला निघालो, तेव्हा ते स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर जुन्या ड्रायव्हर मंडळींत बसले होते. मोबाइल हातोहात फिरत होता.

"वर नोको पाहू बे," ते एकाला सांगत होते. "खाली पाय. खाली."